ट्रामाडॉलचं व्यसन, टर्की आणि अकरावा दिवस

कराडकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा मजकूर मोठा होता, सार असं: मिस्टर ३६ वर्षांचे, स्वतःचा टेम्पो चालवतात. चार वर्षांपूर्वी मणक्याची गादी सरकली. डॉक्टरांनी ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिली, सकाळ-संध्याकाळ एकेक. सहा महिन्यांत कंबर बरीच सुधारली, गोळी मात्र राहिली ती राहिलीच. आज दिवसाला १५ ते १८ गोळ्या होतात. मागच्या महिन्यात जेवता जेवता फीट आली. गोळी मिळाली नाही की अंग मोडून येतं, जुलाब लागतात, रात्रभर पाय झाडतात. तीन वेळा स्वतःहून बंद करून पाहिली, चौथ्या दिवसापलीकडे गाडी गेली नाही. दीर म्हणतात, एक केंद्र आहे, त्यांची गाडी रात्री येते, माणूस उचलून नेतात आणि तीन महिने ठेवतात. एका डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी सुचवली, तर सासूबाई म्हणाल्या, एक व्यसन सोडवायला दुसरं कशाला लावून घ्यायचं? ताईंना विचारायचंय ते असं: दारू नाही, गर्द (हेरॉइन) नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी आहे, मग याला व्यसन म्हणायचं का? आणि टेम्पो दहा दिवस बंद ठेवता येईल, तेवढ्यात सुटेल का?

ताई, व्यसनमुक्तीच्या ओपीडीत मला वीसहून जास्त वर्षं झाली. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण आधी एक हिशेब करू, कारण तो थांबणारा नाही.

त्या गोळीचं पाकीट उलटं करून पाहा. बहुतेक अशा गोळ्यांत ट्रामाडॉल ३७.५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं. १८ गोळ्या म्हणजे ट्रामाडॉल ६७५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५,८५० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला ट्रामाडॉल जास्तीत जास्त ४०० आणि पॅरासिटामॉल ४,००० मिलिग्रॅम चालतं. म्हणजे ते दोन्ही बाजूंनी कुंपणाच्या बाहेर आहेत. ट्रामाडॉल जास्त झालं की फीट येते, हा त्या औषधाचा ठाऊक असलेला गुण आहे. घरात अजून कुणी ‘मिरगी’ म्हणत असेल तर तो विषय बाजूला ठेवा. आणि पॅरासिटामॉल गुपचूप यकृत खातं. काही दुखत नाही, डोळे पिवळे दिसायला लागतात तेव्हा उशीर झालेला असतो. तेव्हा या आठवड्यातच डॉक्टरांकडे जाऊन लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या. ताप आला म्हणून वरून आणखी पॅरासिटामॉल देऊ नका. आणि टेम्पो आजपासून बंद. फीट आलेल्या माणसाने डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत स्टिअरिंग धरायचं नाही. यावर घरात भांडण झालं तर होऊ दे.

आता व्यसन आहे का, ते. यात दोन गोष्टींची गल्लत होते आणि डॉक्टर मंडळीही करतात. कॅन्सरच्या दुखण्यासाठी कुणी तीन महिने मॉर्फिन घेतलं आणि ते अचानक थांबवलं तर त्या आजोबांनाही अंगदुखी, घाम, जुलाब हे सगळं होईल. त्यांच्या शरीराला सवय झालेली असते, पण त्यांना कुणी व्यसनी म्हणणार नाही. शरीर कुठल्याही अफूजन्य, म्हणजे अफूसारखं काम करणाऱ्या, औषधाला असंच वागतं; ट्रामाडॉल त्याच जातीचं. व्यसन वेगळं ओळखायचं असतं. ठरवलं होतं दोन, झाल्या सहा. बंद करायचं ठरवलं, जमलं नाही. दिवसाचा बराच वेळ गोळी कुठून आणायची, किती उरल्या, कुठे लपवायच्या यातच जातो. फीट आली, भाडं हुकलं, बायको रडली, तरी गोळी चालूच. आणि ती तलफ, की समोर दुसरं काही दिसतच नाही. तुमच्या मजकुरात यातल्या जवळजवळ सगळ्या खुणा आहेत. तेव्हा हो, हे व्यसन आहे. चिठ्ठी कुणी लिहिली होती हे मेंदूला समजत नाही.

हे ऐकून वाईट वाटेल, पण तुमचे मिस्टर काही जगावेगळे नाहीत. २०१९ साली केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यासाठी दिल्लीच्या एम्सने देशभरातल्या पाहणीचा अहवाल दिला. त्यात अफूजन्य पदार्थ घेणारे लोकसंख्येच्या सुमारे २.१ टक्के निघाले. हेरॉइन घेणारे १.१४ टक्के, तर गोळ्या, सिरप, इंजेक्शनं अशी औषधांच्या दुकानातली अफूजन्य औषधं घेणारे ०.९६ टक्के. म्हणजे गर्द आणि गोळी जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे आहेत. फरक इतकाच की गर्दुल्ला पुलाखाली दिसतो आणि गोळीवाला इस्त्रीचा शर्ट घालून कामाला जातो. आपल्याकडे हे नवंही नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना अफूची बाळागोळी चाटवून जात, म्हणजे ती दिवसभर निजून राहत. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं गेलं, त्यामुळे चिठ्ठीशिवाय मिळणं कठीण झालं. कठीण झालं म्हणतोय, बंद झालं म्हणत नाही. १८ गोळ्या रोज कुठून तरी येतायतच ना.

आता ते चौथ्या दिवसाचं कोडं. मुंबईत गर्द ओढणारी मुलं याला ‘टर्की’ म्हणतात. ‘टर्की लागली’ म्हणजे माल मिळाला नाही म्हणून अंगात सुरू झालेला तमाशा. आपल्या मेंदूत आणि आतड्यांत अफूजन्य रसायनांसाठी ठरलेल्या जागा असतात, कारण शरीर स्वतःही तशी रसायनं थोडी थोडी बनवतं. बाहेरून रोज ढिगाने माल येऊ लागला की मेंदू सतत दाबला जातो. तो दाब सहन व्हावा म्हणून मेंदू उलट्या बाजूने जोर लावतो. जागं ठेवणारी, छातीत धडधड वाढवणारी यंत्रणा तो जास्त जोरात चालवतो. एका बाजूने दाब, दुसऱ्या बाजूने जोर, आणि मधे माणूस बरा चालतो-बोलतो. आता गोळी काढून घ्या. दाब गेला, जोर तसाच. दोन माणसं दोरी ओढतायत आणि एकाने ती अचानक सोडली तर दुसरा जसा मागे कोसळतो, तसं होतं.

म्हणून टर्कीची सगळी लक्षणं गोळीच्या परिणामांच्या बरोबर उलटी असतात. गोळी बद्धकोष्ठ करते, टर्कीत जुलाब. गोळीने डोळ्यातली बाहुली बारीक होते, टर्कीत मोठी. गोळीने झोप, टर्कीत टक्क डोळे. ओपीडीत मी पेशंट बोलायला लागायच्या आधी त्याच्या जांभया मोजतो. झोप आलेल्या माणसाची जांभई वेगळी. ही एकामागून एक येते, तोंड पुरतं मिटायच्या आत दुसरी. मग नाक गळायला लागतं, डोळ्यांतून पाणी. बायका सांगतात, ‘रात्री रडत होते हो.’ बऱ्याचदा ते रडणं नसतं. हाताची बाही वर केली की मे महिन्यातही अंगावर काटा, कोंबडीची पिसं उपटल्यावर कातडी दिसते तसा. ‘कोल्ड टर्की’ हा शब्द त्या कातडीवरूनच आला असं पुष्कळ जण सांगतात. खरं असो-नसो, त्या कातडीला ते नाव शोभतं.

गर्दची टर्की शेवटच्या ओढीनंतर ८ ते १२ तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला जाते आणि आठवडा-दहा दिवसांत शरीरापुरती उतरते. ट्रामाडॉलचं वेळापत्रक साधारण असंच, पण त्याची एक जास्तीची खोडी आहे. हे औषध अर्धं अफूसारखं आणि अर्धं नैराश्याच्या औषधासारखं वागतं. त्यामुळे काहींना बंद केल्यावर नेहमीच्या त्रासाबरोबर विजेचे झटके बसल्यासारखं वाटतं, विनाकारण भीतीचे झटके येतात, क्वचित कुणाला भास होतात, कुणी घरातल्यांवर संशय घेतो. हे दिसलं की घरचे घाबरतात, ‘डोकं फिरलं’ म्हणतात. तसं काही नसतं, पण ती दवाखान्यात नेण्याची वेळ आहे.

नुसती अफूजन्य टर्की धडधाकट माणसाचा जीव सहसा घेत नाही. दारूची घेऊ शकते, हा मोठा फरक आहे. पण उलट्या-जुलाबांनी पाणी कमी होऊन धोका होतो, आणि बरोबर झोपेच्या गोळ्या किंवा दारू चालू असेल तर हिशेबच बदलतो. तुमच्या मिस्टरांना फीट येऊन गेली आहे. म्हणून चौथ्यांदा घरी खोलीत कोंडून बंद करण्याचा प्रयोग नको. आणि तुम्हाला कधी दिवस राहिलेल्या बाईबद्दल हाच प्रश्न विचारायची वेळ आली, तर एवढं लक्षात असू द्या की गरोदरपणात अचानक बंद करणं बाळालाही धोक्याचं असतं.

तर मग दहा दिवसांत सुटेल का? टर्की सुटेल. दवाखान्यात तर पाच-सात दिवसांत बऱ्यापैकी आरामात सुटेल. माझी काळजी अकराव्या दिवसाची आहे.

स्टॉकहोममध्ये झालेला एक अभ्यास आहे, २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. हेरॉइनच्या आहारी गेलेल्या ४० माणसांचे दोन गट केले, २०-२०. एका गटाला ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे ज्या जिभेखालच्या गोळीबद्दल तुम्ही विचारताय तीच, वर्षभर रोज दिली. दुसऱ्या गटाला तीच गोळी सहा दिवस कमी कमी करत देऊन टर्की उतरवली आणि पुढे तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली. समुपदेशन, गटचर्चा, लघवीची तपासणी दोघांना सारखीच. वर्षअखेर पहिल्या गटातले ७५ टक्के उपचारात टिकले होते. दुसऱ्या गटातला एकही नाही. आणि दुसऱ्या गटातले २० पैकी ४ जण त्या वर्षात मेले, पहिल्यातला कुणीच नाही. तुमच्या मिस्टरांचं औषध हेरॉइन नाही आणि गोळीवाल्याला इतका मोठा धोका नसतो, हे खरं. पण दिशा तीच आहे. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांनीही तेच दाखवलं: अफूजन्य व्यसनात हे औषध चालू असेतोवर मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं.

असं का होतं? दहा दिवसांत शरीराची सवय मोडते, पण मेंदूची आठवण मोडत नाही. झोप महिना-दीड महिना नीट लागत नाही, कशात रस वाटत नाही, चहा बेचव लागतो. चौकात ते ठरावीक मेडिकल दिसलं की पोटात कालवतं. अशात एका संध्याकाळी हात जातो. आणि हात जातो तो जुन्या आकड्याकडे. पूर्वी १८ चालत होत्या ना, मग आज निदान १५. शरीर आता त्या १५ ला पुन्हा नवखं आहे. माझा एक पेशंट, गर्दवाला, चोविशीतला, तीन महिने एका केंद्रात राहून आला. अंगावर मांस चढलं होतं, आई पेढे घेऊन ओपीडीत आली होती. नवव्या दिवशी तो जुन्या मित्रांबरोबर बसला आणि पूर्वीइतकंच घेतलं. पूर्वी तेवढ्याने त्याला काही व्हायचं नाही. ते पेढे मी खाल्ले होते. त्या दिवसापासून कुणी ‘टर्की काढून द्या, बाकी आम्ही बघतो’ म्हणालं की मी त्याला खुर्चीत बसवून घेतो.

आता सासूबाईंच्या शंकेकडे. ती चुकीची नाही, फक्त अर्धी आहे. ब्युप्रेनॉर्फिन अफूजन्यच आहे. शरीराला त्याचीही सवय होते आणि अचानक बंद केलं तर त्याचाही त्रास होतो. पण ते त्या जागांवर जाऊन घट्ट बसतं आणि दिवा पूर्ण पेटवत नाही, अर्धाच पेटवतं. एका मर्यादेनंतर कितीही वाढवलं तरी नशा वाढत नाही आणि श्वासावरचा दाबही फारसा वाढत नाही, हे वैशिष्ट्य हेरॉइन, मॉर्फिनसारख्या अफूजन्य औषधांत नाही. असर लांब टिकतो, म्हणून दिवसातून एकदा पुरतं. वरून १८ गोळ्या खाल्ल्या तरी जागा भरलेल्या असल्याने हवी ती मजा येत नाही. अशाने तलफ बसते, माणूस सकाळी गोळी घेऊन कामाला जातो, पोरांच्या शाळेच्या मीटिंगला जातो. सासूबाईंना बीपीची गोळी असेलच. त्यांना विचारा, ती बंद केली तर बीपी वाढतं म्हणून त्या तिला व्यसन म्हणतात का? व्यसन ओळखण्याच्या ज्या खुणा वर सांगितल्या, लपवणं, वाढवत नेणं, काम बुडवणं, त्या या गोळीला लावून पाहा.

याच गोळीत बहुधा नालोक्सोन नावाचं, अफूजन्य औषधाचा असर उतरवणारं दुसरं औषध मिसळलेलं असतं. जिभेखाली ते निष्क्रिय राहतं. कुणी गोळी विरघळवून शिरेतून टोचायला गेलं तर जागं होतं आणि त्याला टर्कीत ढकलतं. एवढी काळजी त्या गोळीतच घेतलेली आहे.

पण सुरुवात नीट व्हायला हवी. हीच गोळी अंगात ट्रामाडॉल भरपूर असताना दिली तर ती त्याला जागेवरून हुसकून देते आणि अर्ध्या तासात अशी टर्की लागते की माणूस पुन्हा त्या दवाखान्याचं तोंड पाहत नाही. म्हणून आम्ही वाट पाहतो. शेवटच्या गोळीनंतर निदान बारा तास, आणि घड्याळापेक्षा शरीराकडे बघून. ११ लक्षणांची एक मोजपट्टी असते: नाडी, घाम, बाहुली, जांभया, काटा, पायांची तगमग वगैरे. ठरावीक गुण झाले की पहिली छोटी मात्रा. गोळी जिभेखाली ठेवायची, चघळायची नाही, थुंकी गिळायची नाही, पाणी नाही, बोलणंही नको. गिळली तर निम्म्याहून जास्त औषध वाया जातं. पाच ते दहा मिनिटं लागतात. समोर बसलेला माणूस कुडकुडत असतो, बायको घड्याळाकडे बघत असते. मग वीस-तीस मिनिटांनी जांभया विरळ होतात, हलणारे पाय थांबतात. तासाभराने बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, ‘डॉक्टर, भूक लागली.’ इतक्या वर्षांनीही मला ते ऐकायला आवडतं.

गोळी विरघळल्यावर पाण्याने चूळ भरा, दात मात्र तासाभराने घासा, या औषधाने दात खराब होण्याचा धोका असतो. बद्धकोष्ठ होईल, घाम येईल. दारू आणि अल्प्राझोलाम, नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या यांच्या जोडीने घेतलं तर श्वास मंदावू शकतो, त्यामुळे ते घेत असतील तर डॉक्टरांना खरं सांगायचं. लपवलं तर नुकसान त्यांचंच.

दुसरे पर्याय आहेत. गर्दवाल्यांसाठी मेथाडोन आहे, पातळ औषध, रोज केंद्रावर प्यायचं. ते देशात मोजक्याच ठिकाणी मिळतं. नाल्ट्रेक्सोन ही अगदी उलट जातीची गोळी. ती जागा अडवते आणि दिवा मुळीच पेटवत नाही. तिची सवय लागत नाही म्हणून घरच्यांना ती फार आवडते. अट अशी की सात ते दहा दिवस अंगात अफूजन्य काहीही नसायला हवं, आणि रोज कुणीतरी समोर बसून द्यावी लागते, कारण पेशंटला तलफ आली की तो ती सोडतो. ज्याला नोकरी जाण्याची भीती आहे, बायको रोज सकाळी हातावर गोळी ठेवणारी आहे, अशांना ती चालते. क्लोनिडिन आणि पोटाची, अंगदुखीची औषधं देऊन नुसती टर्की काढणं हाही पर्याय आहे. पहिला आठवडा सुसह्य होतो, अकरावा दिवस तसाच समोर उभा राहतो. ट्रामाडॉल कमी मात्रेत असेल तर तेच हळूहळू उतरवत नेऊन काही जण सुटतात. दिवसाला चार-पाच गोळ्या असत्या तर मी आधी तेच सुचवलं असतं. १८ वर आणि फीट येऊन गेल्यावर तो रस्ता मी धरणार नाही, कारण उतरवत असतानाही कितीतरी दिवस पॅरासिटामॉल जास्तच जात राहणार.

किती दिवस घ्यायची हा पुढचा प्रश्न येणारच. मी निदान वर्ष म्हणतो, आणि वर्षानंतर घाईने नाही. काहींना तीन वर्षं लागतात, काहींना आणखी. बंद करायची ती काही महिने घेऊन, थोडी थोडी. लग्नकार्य आलं, कर्ज डोक्यावर आलं, तर तो मुहूर्त पुढे ढकलायचा.

दिरांच्या गाडीबद्दल मात्र मी स्पष्ट बोलतो. पाठवू नका. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट, २०१७ प्रमाणे व्यसनमुक्तीसाठी माणसाला ठेवणाऱ्या केंद्राची राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. सज्ञान माणूस स्वतःच्या इच्छेने दाखल होतो; त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर कायद्यात फार कडक अटी आहेत, त्यात डॉक्टरांची तपासणी असते, रात्रीची गाडी नसते. साखळीने बांधायला तर कायद्याने साफ बंदी आहे. माझ्याकडे अशा ठिकाणांहून परतलेली माणसं येतात. मनगटावर वळ असतात, टर्कीत तीन दिवस पाणीही वेळेवर मिळालेलं नसतं, आणि घरच्यांवरचा विश्वास गेलेला असतो तो वेगळाच. हा विश्वास पुढे वर्षभर लागणार आहे, ताई.

सगळी केंद्रं तशी नाहीत. १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, तेव्हा महाराष्ट्रातली पोरं गर्दने जात होती. माणसाला माणसासारखं वागवून, बरं झालेल्यांनाच पुढच्यांचा हात धरायला लावून व्यसन सुटतं, हे त्यांनी या राज्याला दाखवलं. निवासी उपचाराची गरज काहींना असतेच. घरात राहून जमत नाही, सोबत दारूही आहे, आत्महत्येचे विचार येतात, पुन्हा फीट येण्याची भीती आहे, तर दाखल व्हावं. फक्त जाण्याआधी तीन गोष्टी विचारा. नोंदणीचा कागद दाखवा म्हणा. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात ते विचारा. घरच्यांना भेटता येतं का ते विचारा. तिसऱ्या प्रश्नाला ‘पहिले दोन महिने नाही’ असं उत्तर आलं तर उठून या.

कंबरेचं विसरू नका. घरचे म्हणतात, ‘दुखत बिखत काही नाही, नाटक आहे.’ दुखतं. शिवाय अफूजन्य औषधं फार दिवस घेतली की काहींच्या मज्जासंस्थेची दुखणं जाणवण्याची पातळीच खाली येते, साधा धक्काही ठणकतो. औषध बदललं की हे हळूहळू निवळतं. गंमत म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन स्वतः चांगलं वेदनाशामक आहे. बाकी व्यायाम, फिजिओथेरपी, टेम्पोच्या सीटला नीट आधार, गोण्या स्वतः उचलणं बंद. पुढे कधी ऑपरेशन किंवा दात काढायची वेळ आली तर त्या डॉक्टरांना आधीच सगळं सांगायचं, म्हणजे चिठ्ठीवर पुन्हा तेच नाव येणार नाही.

घरी तुम्ही काय करायचं? गोळ्या शोधत कपाटं उचकटू नका, तो खेळ तुम्ही कधीच जिंकणार नाही. सुरुवातीला पैशांचा व्यवहार तुमच्याकडे असू दे, पण तो त्यांच्याशी बोलून, त्यांच्या होकाराने. जिभेखालची गोळी रोज ठरलेल्या वेळी, चहाआधी, समोर. मधे एकदा घसरले तर ‘परत शून्यावर आलात’ असं म्हणू नका. चार महिन्यांतला एक दिवस घसरला, उरलेले दिवस गेले कुठे? दुसऱ्या दिवशी ओपीडीत या, मात्रा कमी पडतेय का ते बघू. बहुतेक वेळा मात्राच कमी पडत असते.

आणि एक पाहून ठेवा. कधी ते उठवून उठत नाहीत, घोरल्यासारखा तुटक श्वास आहे, ओठ-नखं निळसर, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, तर झोपू देऊ नका, १०८ ला फोन करा, कुशीवर वळवा आणि काय घेतलं ते खरं सांगा. नालोक्सोनचं इंजेक्शन मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत असतं, मिनिटांत माणूस जागा होतो. पण त्याचा असर लवकर ओसरतो, म्हणून जागे झाले तरी घरी आणायची घाई करायची नाही.

पोलिसांची भीती अनेकांना दवाखान्यापासून लांब ठेवते. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातच कलम ६४-अ आहे: सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाणाबद्दल आरोप असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. आणि दवाखान्यात सांगितलेलं दवाखान्यात राहतं.

कुठे जायचं: जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग हे पहिलं ठिकाण. ब्युप्रेनॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, ठरावीक केंद्रांतून आणि दवाखान्यांतूनच मिळतं, तेव्हा जाण्याआधी फोन करून विचारा. पंजाबने २०१७ पासून या गोळीसाठी ठिकठिकाणी बाह्यरुग्ण केंद्रं उघडली. आपल्याकडे अजून तालुक्याहून जिल्ह्याला जावं लागतं. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६, दोन्ही मोफत; टेलिमानसवर मराठीत बोलता येतं.

जाल त्या दिवशी सकाळी उपाशी नेऊ नका, ओआरएसची बाटली जवळ ठेवा. रिकामी पाकिटं फेकू नका, पिशवीत घालून सगळी घेऊन या, जुनी-नवी, सिरपच्या बाटल्या असतील तर त्याही. फीट आली त्या दिवसाचे कागद आणि एमआरआय आणा. त्यांना एवढंच सांगा की आदल्या रात्रीनंतर गोळी घेतली असेल तरी चालेल, कुणी रागावणार नाही, फक्त शेवटची किती वाजता घेतली आणि किती घेतल्या ते कागदावर लिहून खिशात ठेवा.